यादीच्या माथ्यावरचा श्री

बावीस वर्षं मी नावानं हाका मारायचं काम केलं. पगार त्याचाच मिळाला. आमच्या गडमुडशिंगीत मात्र माझ्याविषयी समज असा होता, की हा कोल्हापुरात जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यामुळे रविवारी सकाळी दारात कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, एकदा तर विहिरीवरची मोटार येऊन पडलेली असायची. माझी बायको मंदा सगळ्यांना समजावून सांगायची, की हे दुरुस्ती करत नाहीत, हे नुसतं लिहितात. त्यावर शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "मग लिहून झालं की बगा म्हणावं. इस्त्रीला काय घाई न्हाई."

तेव्हा आधी हाका म्हणजे काय ते सांगतो. त्याशिवाय पुढची फजिती कळणार नाही.

प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना. सगळ्या सूचना एकाच फाइलीत कोंबल्या, तर एक गोष्ट बदलायला सगळं घर उसकटावं लागतं. म्हणून काही कामं वेगळ्या फाइलीत ठेवतात. त्या फाइलीला लायब्ररी म्हणतात, पण तिच्यात पुस्तक एकही नसतं. तिच्यात असतात फंक्शनं. फंक्शन म्हणजे एक नेमून दिलेलं काम आणि प्रत्येकाला एक नाव. मुख्य प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडतो आणि दारात उभा राहून हाक मारतो, "वजन वाचणारा आहे का घरात?" असला तर तो कुठल्या खोलीत बसलाय त्याचा पत्ता मिळतो. नसला तर उत्तर शून्य येतं. शून्य आलं की मुकाट्यानं मागं फिरायचं आणि ग्राहकाला तसं सांगायचं. तसंच आत घुसलं, तर प्रोग्रॅम तोंडावर आपटतो.

याचा फायदा मोठा. गिऱ्हाइकानं नवा वजनकाटा आणला, की फक्त लायब्ररीची फाइल बदलायची. मुख्य प्रोग्रॅमला पत्तासुद्धा लागत नाही. तो आपला जुन्याच नावानं हाक मारतो आणि आतून नवा माणूस 'ओ' देतो.

हाक मारायची आणखी एक रीत होती. लायब्ररीत फंक्शनांची यादी असते आणि यादीत प्रत्येकाला नंबर असतो. नावाऐवजी नंबर पुकारला तरी चालायचं. "तीन नंबर, बाहेर या." नाव शोधायचा त्रास वाचतो म्हणून हे काम जरा लवकर व्हायचं. आमच्या ऑफिसात मात्र या रीतीला बंदी होती. बंदी घालणारे आमचे मालक, अण्णा.

अण्णांचं घराणं गुळाच्या अडतीचं. घरी कन्नड, पेठेत मराठी आणि कॉम्प्युटरशी इंग्रजी, असे तीन भाषांचे गृहस्थ. रागावले की तिन्ही एकदम वापरायचे. अडतीत मन रमेना म्हणून टपालानं कोर्स करून प्रोग्रॅमिंग शिकले आणि लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर कंपनी काढली. आम्ही सगळे मिळून सहाजण. कीबोर्डमध्ये खालच्या दुकानातल्या ज्वारीची धूळ बसायची. अडत सुटली तरी अडतीचं वळण सुटलं नव्हतं. कुठलीही यादी करायची म्हटली, की अण्णा कागदाच्या माथ्यावर आधी 'श्री' लिहिणार. ग्राहकांची यादी असो, दिवाळीला द्यायच्या मिठाईची असो, नाहीतर बंद पडलेल्या ट्यूबलाइटची असो. श्री नसलेली यादी त्यांना बोडकी वाटायची.

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे गावोगावच्या दूध संस्था. नव्वदच्या दशकाचे शेवटशेवटचे दिवस. डेअरीत कॉम्प्युटर येऊ लागले होते. किटली काट्यावर ठेवली की वजन आपोआप कॉम्प्युटरवर, दुधाचा नमुना मशीनला लावला की फॅट आपोआप कॉम्प्युटरवर आणि टरटर करत पावती बाहेर. हा आमचा प्रोग्रॅम. तो मी लिहिला होता. काट्याशी आणि फॅटच्या मशीनशी बोलणारी लायब्ररी अण्णांनी.

या संस्थांचे सेक्रेटरी हा एक स्वतंत्र विषय आहे. पेठ वडगावच्या बाजूला एक होते, त्यांना सांगून ठेवलं होतं की पडद्यावर काही चुकीचं दिसलं तर ते जसंच्या तसं आम्हाला कळवा. आठ दिवसांनी टपालानं लिफाफा आला. संस्थेचं लेटरहेड, जावक क्रमांक आणि खाली, "विषय : पडद्यावर उमटलेल्या मजकुराबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की..." पुढे तो सगळा इंग्रजी मजकूर देवनागरीत, ठळक अक्षरात, चुकूनसुद्धा काना-मात्रा न सोडता. कुठली लायब्ररी सापडली नाही, तेवढंच नाव आम्हाला हवं होतं. नेमकं त्याच्यावर चेअरमनांचा गोल शिक्का बसला होता. मी ते पत्र उन्हाकडे धरून अर्धा तास वाचत होतो.

पण मला सांगायचंय ते बिद्रीच्या पुढच्या एका गावाचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना अजून माझा पत्ता माहीत आहे.

त्या गावच्या संस्थेत दूध मोजायचं काम पिढीजात असल्यासारखं बंडूतात्यांकडे होतं. बंडूतात्या चेअरमनांचे मेव्हणे. पितळी मापानं दूध मोजायचे. घेताना माप काठावरून सांडेपर्यंत भरायचे आणि गावातल्या गिऱ्हाइकाला विकताना अंगठा मापाच्या आत. अंगठ्याएवढं दूध प्रत्येक मापामागं कमी भरायचं आणि त्याविषयी गावात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी? शेवटी बोलल्या शालाक्का. पस्तिशीच्या बाई, दहावी झालेल्या, घरात चार म्हशी. त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं की कॉम्प्युटर आणा आणि चालवायला कुणी नसेल तर मी चालवते. चेअरमन म्हणजे आबा. माणूस तोंडानं फटकळ, पण कानानं सगळ्यांचं ऐकणारा. ते म्हणाले, बघू. कॉम्प्युटर आला, शालाक्का टेस्टर, म्हणजे दूध मोजून तपासणाऱ्या झाल्या. संस्थेच्या खुर्चीत बसणारी गावातली ती पहिली बाई. घरून सासरे म्हणाले होते, "एकदा जरी गावात बोलणी खाल्लीस, तर दुसऱ्या दिवशी धारंला बसायचं, खुर्चीवर न्हाई." हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. तीन महिने त्यांनी एक चूक केली नाही. बंडूतात्या रोज दोन वेळा डेअरीत येऊन बाकावर बसायचे आणि ती चूक कधी होते याची वाट बघायचे.

मग संस्थेनं नवा मोठा काटा घेतला. त्याच्यासाठी अण्णांनी लायब्ररी नव्यानं केली, फ्लॉपीवर घातली आणि मला म्हणाले, "जा, बसवून ये."

मी दुपारच्या एसटीनं गेलो. जुनी फाइल काढली, नवी घातली. रीतीप्रमाणं तपासणी केली. दुपारच्या वेळी दूध कुठलं? म्हणून एक लिटरच्या मापात पाणी भरून काट्यावर ठेवलं. पडद्यावर वजन आलं, एक. बरोबर. फॅट आली, एक. पाण्याला फॅट एक! सकाळचं दूध नळीत राहिलं असेल, असं मला वाटलं. मी शालाक्कांना म्हणालो, "अक्का, तुमच्या गावच्या पाण्यालासुद्धा फॅट लागते की!" त्या म्हणाल्या, "नळी मी धुतलीया, साहेब." मी हसण्यावारी नेलं, चहा घेतला आणि साडेचारची गाडी पकडली.

संध्याकाळी दूध सुरू झालं. पहिल्या बाईंनी सहा लिटर आणलं. पावती निघाली. दूध एक लिटर, फॅट सहा. दुसऱ्याचं पाच लिटर. पावती : दूध एक, फॅट पाच. रांगेत चौथ्या हौसाबाई होत्या. त्यांच्या घरी तीन म्हशी, दूध चौदा लिटर. पावती : दूध एक लिटर, फॅट चौदा. चौदा फॅटचं दूध देणारी म्हैस आजवर या भूमीवर झालेली नाही. तसलं दूध किटलीतून ओतता येणार नाही, कापून काढावं लागेल. पण एक सांगतो, लिटरवरून डेअरीत बोंबाबोंब झाली, फॅटला मात्र एकानंही हरकत घेतली नाही. हौसाबाई तर म्हणाल्या, "फॅट बरोबर हाय. लिटर तेवडं नीट करा."

शालाक्कांनी डोकं शांत ठेवलं. काट्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून आणि मशीनच्या आकड्यांवरून खरं वजन नि खरी फॅट त्यांनी वहीत लिहून घेतली. कुणाचं थेंबभर नुकसान झालं नाही. पण पावत्या गावभर गेल्या होत्या. एका घरात सुनेनं सहा लिटर नेऊन एक लिटरची पावती आणली म्हणून सासू किटली घेऊन डेअरीत, "पाच लिटर कुटं वतलं ह्या बयेनं?" बंडूतात्या बाकावरून उठून म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात मशीन दिली की ह्येच व्हनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजर. शालाक्कांनी मला वही दाखवली, पावत्यांशेजारी खरे आकडे मांडून. म्हणाल्या, "बगा, फॅटच्या जागी वजन यायलंय. ह्येवडं मला कळतंय. का, ते तुमी सांगा."

मी कॉम्प्युटरपाशी बसलो. त्या काळच्या विंडोजमध्ये लायब्ररीच्या फाइलीवर माऊसचं उजवं बटण दाबलं, की आतली यादी बघायची सोय होती. मी यादी उघडली. एक नंबरवर नाव होतं, श्री.

जुन्या यादीत एक नंबर काट्याशी जोडणी करणारा, दोन वजन वाचणारा, तीन फॅट वाचणारा. नवी लायब्ररी करताना अण्णांना यादी बोडकी दिसली. त्यांनी श्री नावाचं एक फंक्शन लिहिलं. ते काहीच काम करत नव्हतं. त्याला विचारलं की 'ठीक' या अर्थी 'एक' हा आकडा परत करायचं, बस्स. ते त्यांनी माथ्यावर बसवलं आणि बाकीचे सगळे एकेक पायरी खाली सरकले. आता एक नंबरला विचारलं की श्री म्हणायचा, ठीक. दोन नंबरला वजन विचारलं की तिथं बसलेला जोडणीवाला जोडणी करून सांगायचा, एक, म्हणजे ठीक. म्हणून सगळ्या गावाचं दूध एक लिटर. तीन नंबरला फॅट विचारली की तिथं वजनवाला. आणि पावती निघेपर्यंत किटली काट्यावरून उचलायची नाही, हा संस्थेचा नियम. म्हणून तो बिचारा खरं वजन सांगायचा. कुणीही आपलं काम चुकवलं नव्हतं. माझं पाणीसुद्धा नेमकं एक लिटर होतं.

आता तुम्ही म्हणाल, चूक अण्णांची. नाही. नावानं हाक मारली असती, तर माथ्यावर एक श्री काय, तेहतीस कोटी बसवले असते तरी वजन वाचणारा बरोबर सापडला असता. नंबरानं हाक मी मारत होतो. बंदी असताना, अण्णांना न सांगता. का? कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, की त्यानं वेळ वाचतो. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या हजाराव्या भागाइतका. तो मी ज्या डेअरीत वाचवत होतो, तिथं माणूस किटली ठेवल्यावर पाहुण्यारावळ्यांची चौकशी करून मग झाकण उघडायचा. पण मला तेव्हा वाटायचं, आपण फार हुशार आहोत.

मी एसटीडी बूथवरून अण्णांना फोन केला. नंबराचं काही बोललो नाही, नुसतं म्हणालो की लायब्ररीची भानगड आहे, ऑफिसात येऊन प्रोग्रॅम बदलायला लागेल. अण्णा म्हणाले, "आत्ता तिथं काय सांगू नको. चाळीस संस्थांत आपलं मशीन हाय. लाइटीवर ढकल."

लाइटीवर ढकलणं हे आमच्या धंद्यातलं हुकमी औषध होतं. वीज मंडळ कधी उलटून बोलायला येत नाही. मी डेअरीत परत गेलो आणि आबांना म्हणालो, "व्होल्टेज खालीवर झालं."

आबा म्हणाले, "मग त्यो स्टॅबिलायझर कशाला घ्यायला लावलासा?"

मी तोंड उघडायच्या आत बाकावरून बंडूतात्या बोलले, "बाईंनी चालूच केला नसंल."

शालाक्का म्हणाल्या, "मी केलता चालू." आणि माझ्याकडं बघितलं. मी आदल्या दिवशी दुपारी आलो, तेव्हा स्टॅबिलायझरचा लाल दिवा लागलेला माझ्या डोळ्यांनी बघितला होता. तपासणीआधी मी तोच बघतो. मी काहीच बोललो नाही. फ्लॉपी पिशवीत घातली, "उद्या येतो" म्हटलं आणि निघालो. मागून आबांचा आवाज ऐकू आला, "उद्या धाला मिटिंग. बाईंचं काय करायचं ते ठरवू. तोवर तात्या, माप घासून ठेवा." मला लाज वाटली. अजून वाटते.

ऑफिसात येऊन अण्णांना सगळं सांगितलं. नंबराचंही. अण्णा आधी कन्नडमध्ये बोलले, मग इंग्रजीत, मग मराठीत.

"नावानं हाक मार म्हणून सांगितलं होतं का न्हवतं?"

"पण अण्णा, तुम्ही मधेच श्री का घातला? निदान शेवटी तरी घालायचा."

"शेवटी? श्री शेवटी?" अण्णा खुर्चीतून उठलेच. "तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत गणपती कुठं छापलावतास? मांडववाल्याच्या खाली?"

खालच्या दुकानातला हमाल जिन्यात उभा राहून ऐकत होता, त्यानं मान हलवली. मी कॉम्प्युटरपाशी बसलो आणि संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅममधला एकूण एक नंबर काढून तिथं नाव घातलं. प्रत्येक हाकेनंतर शून्य आलं का, तेही तपासलं. उठताना अण्णांना म्हणालो, "त्या बाईंची नोकरी जाईल." अण्णांनी चष्मा पुसला. "मला काय आनंद हाय व्हय? पण उद्या चाळीस गावांत बातमी जाईल, की ह्यांच्या मशीनला वजन नि फॅट कळत न्हाई. मग आपल्या सहा घरांचं काय?" तेही खोटं नव्हतं.

घरी मंदानं जेवायला वाढलं. मी भाताची ढेकळं फोडत बसलो. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे दिवा लागलेला तुम्हाला दिसला होता आणि तुम्ही मूग गिळून बसलात." आणि ताक आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधालाच मी पोचलो. नवा प्रोग्रॅम घातला. हौसाबाई चौदा लिटर घेऊन आल्या. पावती निघाली, दूध चौदा, फॅट सात. त्यांनी पावती दोनदा उलटसुलट केली. "फॅट निम्मी झाली की वो! परवाचंच मशीन बरं हुतं."

दहाला मिटिंग. बाकावर पहिले आबा, त्यांच्या शेजारी बंडूतात्या, मग दोन संचालक. बंडूतात्यांच्या मांडीवर माप, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. शालाक्का दारापाशी उभ्या, हातात चाव्यांचा जुडगा, द्यायच्या तयारीनं. बाहेर किटल्या घेऊन निम्मं गाव. आबा म्हणाले, "मशीन दुरुस्त झाली, चांगलं झालं. पर स्टॅबिलायझर बंद ठेवल्यामुळं जे झालं, त्याचं..."

"आबा," मी म्हणालो, "स्टॅबिलायझर चालू होता. दिवा मी बघितला होता. चूक लाइटीची नाही आणि अक्कांचीही नाही. चूक माझी आहे."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मी लायब्ररी, यादी, नंबर असं समजावू लागलो. आबा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "पावणं, मराठीत सांगा."

मी बाकाकडं बघितलं आणि मला मार्ग दिसला. म्हटलं, "आबा, या बाकावर पहिल्यापासून मोजा. दोन नंबर कोण?"

"तात्या."

"मी बाहेरून ओरडून सांगितलं, दोन नंबर, चहा सांगून या. कोण उठणार?"

"तात्या उठंल. त्येचं तेच काम हाय."

"आता जरा सरका." मी हौसाबाईंना हाताला धरून आत आणलं आणि बाकाच्या टोकाला, आबांच्या आधी बसवलं. सगळे एकेक जागा सरकले. "आता मी बाहेर आहे. आत कोण कुठं सरकलं, मला दिसत नाही. मी ओरडलो, दोन नंबर, चहा सांगून या!"

आबांनी बोटानं मोजलं. हौसाबाई, एक. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ते थांबले. "म्हंजे चहा सांगाय मी जायाचं व्हय?"

डेअरी हसली. हौसाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "जावा की, मलाबी सांगा एक." दारातली पोरं खिंकाळली. बंडूतात्यासुद्धा हसले, मग आपण हसलो हे लक्षात येऊन गंभीर झाले.

"आणि तात्यांना नावानं हाक मारली असती तर?"

आबा म्हणाले, "नावानं मारली असती, तर ते कुटंबी बसू दे, तेच उठलं असतं. मग नंबरानं हाक मारायचा उद्योग केला कुणी?"

"मी."

"आन् काल व्होल्टेज म्हणून सांगितलं कुणी?"

"मीच."

"आन् बाईंवर आळ आला तवा तुमच्या तोंडात काय गुळाचा खडा हुता?"

म्हटलं, "भ्यालो होतो, आबा."

आबा बाकावरून उठले आणि दाराकडं वळून म्हणाले, "शालाक्का, चावी तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. सासऱ्यांना मी स्वतः सांगतो, आज संध्याकाळी. तात्या, तुमी गावातल्या गिऱ्हाइकांचं अर्धा-पाव लिटर मोजायला बसा. अंगठा भायेर ठेवून." गर्दीतून पहिली टाळी पडली ती त्या सहा लिटरवाल्या सुनेची.

ऑफिसात परत आलो, तो राजीनामा मनात लिहूनच. अण्णा दाराकडं तोंड करून बसले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"श्रीचं नाव निघालं का सभेत?"

"यादीत एक जास्त आला, एवढंच म्हटलं. चूक माझी म्हणून सांगितलं."

अण्णा म्हणाले, "बरं केलंस. आता बाकीच्या गावांतलेपण नंबर काढ." चाळीस गावांपैकी एकानंही मशीन परत दिलं नाही. उलट बाकाची गोष्ट आमच्या आधी गावोगाव पोचली आणि पुढची दोन वर्षं मी कुठल्याही डेअरीत पाऊल टाकलं, की कुणीतरी ओरडायचं, "दोन नंबर, चहा सांगा!"

पण त्या दिवशी मिटिंग संपल्यावर काय झालं, ते सांगायचं राहिलं. लोक पांगले, आबा गेले. शालाक्का नमुन्याच्या बाटल्या धूत होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "अक्का, चुकलो. माफ करा."

त्यांनी बाटली पालथी घातली, दुसरी घेतली. "आज बोललासा, चांगलं केलासा. पर काल का न्हाई?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "काल गाडीत बसून तुमी घरी गेलासा. मी हितंच हुते. काल संध्याकाळी दूध घालाय आलेल्या बायका माझ्याकडं बघतबी नव्हत्या. घरात सासऱ्यांनी वैरणीचा विळा माझ्याम्होरं ठेवला. ती एक रात तुमी मला परत देनार हायसा का?"

हात पुसून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. "माफी ऱ्हाऊ दे. ती यादी कशी बघायची, ते मला दाखवा. मला कुणावर अवलंबून ऱ्हायाचं न्हाई. तुमच्यावर तर न्हाईच."

मी दाखवलं. फाइलीवर उजवं बटण, मग यादी. दहावीच्या इंग्रजीवर त्या एकेक नाव बोट ठेवून वाचत गेल्या आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवत गेल्या, नंबरासकट. आणि वर मलाच विचारलं, की हा माथ्यावरचा श्री कोण, काय काम करतो? मी म्हणालो, हा काहीच करत नाही, नुसता 'ठीक' म्हणतो. त्या म्हणाल्या, "असलं एक आमच्या संचालक मंडळातबी हाय."

त्यानंतर दहा वर्षांत आम्ही त्या संस्थेला कितीतरी नव्या लायब्ररी पाठवल्या. शालाक्का एकही फाइल आधी यादी वाचल्याशिवाय घालायच्या नाहीत. ऑफिसात फोन यायचा, "साहेब, जुन्या यादीत सात जण हुते, ह्यात आठ हायत. ह्यो आठवा कोण?" मी सांगायचो. पटलं तर फाइल घालायच्या. नाही पटलं तर फ्लॉपी पिशवीत घालून कंडक्टरच्या हातात द्यायच्या आणि दुपारी ती लक्ष्मीपुरीत माझ्या टेबलावर येऊन पडायची. आमच्याकडं इंजिनिअर झालेली पोरं होती, त्यांना राग यायचा. डेअरीतल्या बाईंनी आमचं काम तपासायचं? मी त्यांना म्हणायचो, आधी फाइल उघडून बघा, मग रागवा.

ते उघडून बघायचे. मग हळूच यायचे आणि म्हणायचे, "सर, त्या बरोबर आहेत." दहा वर्षांत शालाक्कांनी अकरा फ्लॉप्या परत पाठवल्या. एकही उगाच परत आलेली नव्हती.